दातांची रंगसफेदी

दिवाळी महिन्यावर आली, की मध्यमवर्गीयाच्या घरात पहिला वाद पेटतो तो रंगाचा. दिवाणखान्याला फिका निळा द्यावा की बदामी, स्वयंपाकघराला यंदा नुसता चुना भागेल की नाही, यावर आमच्या घरी दरसाल दोन रविवार खर्ची पडतात. यंदा मात्र भिंती बाजूला राहिल्या आणि सारी चर्चा दातांवर येऊन ठेपली. निमित्त माझ्या भाचीचे.

तिचे लग्न ठरलेले. तुळशीची लग्ने आटोपली की पंधरवड्यात मुहूर्त. ताईचा फोन आला, "अरे, तुमच्याकडे शहरात दात पांढरे करून देणारे डॉक्टर असतात म्हणे. पोरीला पाठवते, जरा बरोबर जा."

भाचीचे दात तसे नाव ठेवण्याजोगे मुळीच नाहीत. वळणदार, भक्कम, एकही किडलेला नाही. पण वरच्या समोरच्या चार दातांवर तपकिरी डाग आणि खडूने ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा. मेहुण्यांची नोकरी फिरतीची. पोरीची पहिली सात-आठ वर्षे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात गेली, आणि पक्के दात आले ते हा रंग घेऊनच. शाळेत असल्यापासून ती हसली, की हात तोंडाशी गेलाच. घरातल्या एकाही फोटोत तिचे दात दिसत नाहीत. मागे एका स्थळाकडच्या मंडळींनी "हा रंग घराण्यातच आहे का हो?" असे विचारले, पोहे संपवले, आणि "कळवतो" म्हणून गेले ते गेलेच. आता ठरले आहे ते घर चांगले आहे. त्यांनी काहीच विचारलेले नाही. पण न विचारलेल्या प्रश्नाचेच ओझे ताईच्या मनावर फार.

मीही मनाशी बेत केला, की अनायासे जातोच आहोत, तर चाळीस वर्षांच्या चहाने रंगलेले आपलेही दात उजळून घ्यावेत!

काळाची गंमत पाहा. माझी आजी आपल्या सासूबद्दल सांगत असे, की त्या काळी सवाष्णीचे दात काळे असणे हेच शोभेचे. त्यासाठी दातवण नावाची पूड मिळे, ती लावून दात मुद्दाम काळे करीत, आणि पांढऱ्या दातांची सवाष्ण म्हणजे काहीतरी उणे. जपानातही हीच तऱ्हा होती. तिथल्या प्रतिष्ठित घरच्या बायका दात काळे करीत. १८७३ साली खुद्द सम्राज्ञीने ते सोडले तेव्हा कुठे लोकांना पांढरे दात सोसू लागले. आता तेच दात पांढरे करायला आम्ही निघालो होतो.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. मला वाटले होते, की खुर्चीत बसवतील, कसलेसे औषध चोपडतील आणि तासाभरात मोकळे करतील. त्यांनी नुसता आरसा फिरवला आणि पहिला प्रश्न टाकला, "लहानपणी पाणी कुठलं प्यायचीस?"

"बोअरचं," भाची म्हणाली.

"आणि आता घरी काय काय लावून पाहिलंस?"

पोरगी गप्प. मग हळूच कबुली निघाली. मोबाइलवर कुणीतरी सांगितले म्हणून आठ दिवस लिंबाच्या रसात खायचा सोडा कालवून दात घासले होते. त्याआधी कोळशाची पूड.

"म्हणजे दात आंबलेत. गार पाणी लागतंय ना?"

लागत होते. डॉक्टरीणबाईंनी मग जे समजावून सांगितले ते प्रत्येक घरात माहीत असायला हवे. दाताचे वरचे कवच, म्हणजे एनॅमल, हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ; वजनाने त्याचे जवळजवळ ९६ टक्के खनिजच. पण आंबटापुढे त्याचे काही चालत नाही. लिंबाचा रस त्याला विरघळवतो, वरून घासले की तो थर निघून येतो, आणि दात क्षणभर स्वच्छ भासतो. कोळशाची भरड पूडही खरवडण्याचेच काम करते. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते. एनॅमल गेले ते कायमचे गेले. त्यात आणखी एक गोम आहे. एनॅमल हे दुधी काचेसारखे अर्धपारदर्शक. त्याच्या आत डेंटिन असते आणि त्याचा मूळ रंगच पिवळसर. कवच जितके झिजेल तितका आतला पिवळा अधिक दिसेल. म्हणजे पांढरे करण्यासाठी घासायचे आणि घासून पिवळे करायचे! वय वाढले की दात पिवळे का दिसतात याचेही उत्तर हेच: कवच झिजते, आतले डेंटिन जाड होते.

आपले कवी दातांना मोत्यांची, कुंदकळ्यांची, डाळिंबाच्या दाण्यांची उपमा देत आले. बाईंनी खणातून दातांच्या नमुन्यांची एक पट्टी काढली. रंगाऱ्याकडे भिंतीच्या रंगांचे कार्ड असते ना, तशीच. त्यावर १६ छटा. कुठे पिवळसर, कुठे राखाडी, कुठे तांबूस झाक. पाहून माझा तर भ्रमनिरासच झाला, कारण न्हाणीघरातल्या फरशीसारखा पांढराशुभ्र दात त्या १६ मध्ये एकही नव्हता. माणसाचा निरोगी दात तसा नसतोच. सिनेमातले दात पाहून जो येतो त्याला ही पट्टी आधी दाखवावी लागते, असे त्या म्हणाल्या.

दात रंगतो तो दोन तऱ्हांनी. एक वरून: चहा, कॉफी, पान, तंबाखू, मिश्री. हा रंग पृष्ठभागावर बसतो आणि बहुतेक वेळा दात साफ करून घेतले की निघतो. दात साफ केल्याने खिळखिळे होतात हा आपल्याकडचा समज निव्वळ खोटा. दातांवर चढलेला दगड निघाला की त्याने झाकलेल्या फटी उघड्या पडतात, एवढेच. दुसरा रंग आतला. मार लागून मेलेला दात काळवंडतो. पूर्वी लहान मुलांना किंवा गरोदर बाईला टेट्रासायक्लिन हे औषध सर्रास देत, त्याने मुलाचे दात करडे-पिवळे पट्टे घेऊनच येत. म्हणून आठ वर्षांखालील मुलांना ते शक्यतो देत नाहीत. आणि तिसरे, आमच्या भाचीचे: पाण्यातले फ्लोराइड.

या फ्लोराइडची कथा मोठी विलक्षण आहे. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा एक तरुण दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना घालायला गेला आणि पाहतो तो गावातल्या कितीतरी माणसांचे दात तपकिरी! गावात जन्मलेल्यांचे डागाळलेले, मोठेपणी येऊन राहिलेल्यांचे स्वच्छ. आणि नवल हे, की डागाळलेले दात किडत मात्र नसत. मॅकेने यावर तीस वर्षे घालवली. आयडाहो राज्यातल्या ओकली या गावी एका झऱ्याचे पाणी नळाने आणल्यापासून मुलांचे दात बिघडल्याची तक्रार होती. १९२३ साली त्याने ते पाणी तपासले, त्यात काही सापडले नाही, तरी "हा झरा सोडा" असे त्याने सांगितले. गावाने झरा बदलला आणि काही वर्षांत धाकट्या मुलांना स्वच्छ दात येऊ लागले. दोष कशाचा हे कळायला १९३१ साल उजाडावे लागले. अ‍ॅल्युमिनियमच्या एका कंपनीतल्या चर्चिल नावाच्या रसायनतज्ज्ञाने पाण्यात फ्लोराइड शोधून काढले.

आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर या भागांत काही ठिकाणी खडकातून फ्लोराइड पाण्यात उतरते. विहिरी आटल्या, बोअर खोल गेल्या, तसे ते पाणी वर आले. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून फार जास्त पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर दातच काय, हाडेही धरतात. पाणी उकळून ते जात नाही, उलट आटवल्याने दाट होते. आणि दातांवरचे डाग पडतात ते दात हिरडीच्या आत घडत असतानाच, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत. त्यानंतर तेच पाणी प्यायले तरी कवचावर हे डाग उठत नाहीत.

"म्हणजे हे आनुवंशिक नाही?" मी विचारले.

"काका, हे पाण्यातून आलंय. हिच्या मुलांना चांगलं पाणी मिळालं तर त्यांच्या दातांवर एक ठिपका येणार नाही."

भाची खुर्चीत एकदम सरळ बसली. पोह्यांच्या ताटल्या रिकाम्या करून गेलेल्या त्या मंडळींना उत्तर मिळाले होते; फक्त ऐकायला ती तिथे नव्हती.

मग बाईंनी तिसरा प्रश्न विचारला आणि त्या वेळी माझ्याकडे पाहण्याचे टाळले. "हे पांढरं करणं कोणाला हवंय? तुला, की घरच्यांना?"

"आईला लग्नाआधी हवंय," भाची म्हणाली, "पण मला हवंच आहे. मला एकदा तोंड उघडून हसलेला फोटो काढायचाय."

आता प्रत्यक्ष क्रिया. दात उजळण्याचे औषध म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. ते काही खरवडत नाही. कवचातून आत झिरपते आणि रंगाचे कण फोडून फिके करते. घरी रात्री वापरायची रीत तर अपघातानेच हाती लागली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एका दंतवैद्याने हिरड्या दुखऱ्या झालेल्या रोग्यांना तोंडात बसवायच्या साच्यात जंतुनाशक घालून झोपायला सांगितले. हिरड्या बऱ्या झाल्याच, शिवाय दातही उजळले! त्या औषधात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड होते, आणि त्यातून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते. १९८९ साली ही पद्धत रीतसर प्रसिद्ध झाली. दवाखान्यात मात्र २५ ते ४० टक्क्यांचे जहाल औषध लावतात. ते हिरडीला लागले तर भाजून पांढरे पडते. म्हणूनच ब्यूटी पार्लरमध्ये किंवा मॉलमधल्या टपरीवर हे करून घेऊ नये. युरोपात तर २०१२ पासून ०.१ टक्क्याहून जास्त पेरॉक्साइड असलेले दात उजळण्याचे औषध दंतवैद्याखेरीज कोणी द्यायचे नाही, आणि अठरा वर्षांखालच्यांना नाहीच, असा कायदा आहे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही सहसा देत नाहीत.

भाचीचे लगेच काही झाले नाही. लिंबाने आंबलेले दात आधी निवले पाहिजेत, म्हणून दहा दिवस एक टूथपेस्ट दिली. तिच्यात काय होते? फ्लोराइड! ज्याने डाग पाडले तेच अल्प प्रमाणात कवचाला बळकटी देते.

दहा दिवसांनी आधी सौम्य आम्ल आणि बारीक पूड यांनी कवचाचा केसाएवढा थर घासला. "मग लिंबाने काय घोडं मारलं होतं?" असे मी विचारलेच. बाई म्हणाल्या, "मी कुठे थांबायचं ते मला माहीत असतं." चार दिवसांनी औषधाची बैठक झाली. ओठ बाजूला धरणारी कड तोंडात, हिरड्यांवर दिव्याने घट्ट होणारा निळा लेप, डोळ्यांवर चष्मा, आणि दातांवर जेल, पंधरा-पंधरा मिनिटे तीनदा. काही दवाखान्यांत वर निळा प्रकाशही टाकतात. त्याने विशेष फरक पडत असल्याचे सिद्ध झालेले नाही, म्हणून इथे टाकला नाही. पुढे दोन आठवडे रात्री साच्यातले सौम्य औषध. पहिल्या दिवशी दात शिवशिवले. सुश्रुताने याच तक्रारीला दंतहर्ष म्हटले आहे. नाव गोड आहे, प्रकार नाही! पण दोन दिवसांत ते शमले.

खरी पंचाईत घरात झाली. दोन दिवस रंगाचे काही खायचे नाही. चहा नाही, कॉफी नाही, आणि हळद नाही! मराठी स्वयंपाकातून हळद काढा म्हणजे उरते काय? सौभाग्यवतींनी दोन दिवस दहीभात आणि साबुदाण्याची खिचडी यांवर घर चालवले, आणि आम्हां निरपराध्यांनाही तेच वाढले.

माझे काय झाले म्हणता? माझ्या समोरच्या एका दाताला वीस वर्षांपूर्वीची टोपी आहे. टोपी आणि भरलेले सिमेंट या औषधाने उजळत नाही. "बाकीचे उजळले तर हा एकटा जुन्या वहीच्या पानासारखा दिसेल," असे सांगून बाईंनी माझे दात नुसते साफ करून दिले. हजारोंचा खर्च वाचला. चहा कमी करा, असेही म्हणाल्या. ते मी ऐकून घेतले.

तीन आठवड्यांनी बाईंनी आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी लावले. तपकिरी डाग जाऊन फिकट पिवळसर सावली राहिली होती. पांढऱ्या रेघा मध्यंतरी जास्तच उठून दिसत होत्या, त्या आता पुष्कळ मिसळल्या होत्या. शोधल्या तर सापडत. "एवढंच होणार," बाईंनी आधीच सांगितले होते, "आणि वर्षा-दोन वर्षांनी थोडा रंग परत धरेल." भाचीने फोटोकडे बराच वेळ पाहिले आणि आधीचाही मागून घेतला.

ताईसाठी मी बाईंकडून एक चिठ्ठी लिहून आणली होती: डाग पाण्यातील फ्लोराइडमुळे, आनुवंशिक नाहीत. ताई म्हणाली, "विहीणबाईंना हळूच दाखवावी का?"

"काही नको," भाची म्हणाली. "मी त्याला साखरपुड्याच्या आधीच दात दाखवलेत. आणि पाण्यामुळे झालंय हे परवा फोनवर सांगितलं."

"मग? काय म्हणाला?"

"ती बोअर अजून चालू आहे का, असं विचारत होता."

याचे उत्तर आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. मेहुण्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावच्या जुन्या शेजाऱ्यांना फोन लावला.