कसब्यातला वड आणि पुण्याची लहरी थंडी

पुण्याच्या थंडीचा भरवसा धरू नये. शिवाजीनगरच्या वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. एरवी जानेवारीत पहाटे ११-१२ आणि भर दुपारी ३० अंश, हा इथला नेहमीचा हिशेब. मध्येच ढग येतात, एखादी अवकाळी सर पडून जाते आणि पहाट उबदार होते. आभाळ निवळलं की दोन दिवसांत पारा दहाच्या खाली. आपण स्वेटर काढतो, परत चढवतो. कसबा पेठेतल्या गच्चीवर दोन-तीन इंच मातीत उभ्या असलेल्या वडाला हे सगळं उघड्यावर सोसावं लागतं.

उथळ कुंडीचं दुखणं

दिवसरात्रीच्या तापमानातला फरक जमिनीत हातभर खोल जवळजवळ पोचतच नाही. म्हणून रस्त्याकडेच्या मोठ्या वडाला थंडीची फिकीर नसते. बोन्सायच्या पसरट कुंडीतली माती मात्र दुपारी उन्हानं तापते आणि पहाटे हवेइतकीच गार पडते. कुंडी गडद रंगाची असेल आणि मागे पश्चिमेच्या उन्हात तापणारी भिंत असेल, तर हा हेलकावा आणखी वाढतो.

कुंडी कशाची आहे, यानंही फरक पडतो. कसब्याच्या कुंभारवाड्याची ओळख असलेली बिनझिलईची लाल माती पाणी पाझरते, आणि माठातलं पाणी गार होतं तशी त्या कुंडीतली मातीही गार होते. उन्हाळ्यात हा गुण, थंडीत थोडा अवगुण. झिलईच्या कुंडीत ओल कित्येक दिवस टिकते. त्यामुळे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कुंड्यांना एकाच मापानं पाणी घालणं चूक.

शिमला ऑफिसातला शोध

शिवाजीनगरच्या चौकाला पुणेकर आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात, कारण १९२८मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथं आलं. याच खात्यातल्या एल. ए. रामदास यांनी एस. आत्मनाथन यांच्यासह १९३२मध्ये एक चमत्कारिक निरीक्षण मांडलं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सर्वांत गार हवा जमिनीला चिकटून असणार, असा तोवरचा समज. प्रत्यक्षात उघड्या जमिनीवर ती काही सेंटिमीटर ते फूट-दीड फूट उंचीवर सापडली. आधी अनेकांनी ही मोजमापातली चूक मानली. पुढे इतरत्रही तेच आढळलं आणि अभ्यासक त्याला ‘रामदास थर’ म्हणू लागले.

गच्चीची फरशी म्हणजे शेतातली जमीन नव्हे, त्यामुळे हा थर तिथं तसाच भेटेल असं नाही. पण धडा उपयोगाचा आहे. अशा रात्री पानं आपली उष्णता वरच्या मोकळ्या आभाळाकडे टाकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतात. म्हणून झाडाभोवती गोणपाट गुंडाळण्यापेक्षा डोक्यावर आडोसा हवा. कुंडी रात्रीपुरती छज्ज्याखाली सरकवा, किंवा चार काठ्यांवर शेडनेट अथवा जुनं धोतर ताणा. सकाळी ते काढायला विसरू नका. प्लास्टिक मात्र नको. कोवळ्या उन्हातही त्याखाली पानं उकडतात.

ऊनही हिवाळ्यात जागा बदलतं. डिसेंबरअखेर भर मध्यान्हीचा सूर्य पुण्यात क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. जुन्या वाड्याला खेटून उंच इमारत उभी राहिली असेल, तर जूनमध्ये उन्हात असणारी कुंडी डिसेंबरात दिवसभर सावलीत राहते. दक्षिणेची मोकळी बाजू शोधा.

घात पाण्यानं होतो

परदेशी पुस्तकांतली भीती मुळं गोठण्याची. जपानात त्यासाठी कुंड्या ‘मुरो’ नावाच्या बंदिस्त निवाऱ्यात ठेवतात. कसब्यात पाणी गोठत नाही. इथं झाड दगावतं ते गार, चिंब मातीत मुळं कुजून. वड, पिंपळ, उंबर, चिंच ही उष्ण हवेतली झाडं. पहाटे पारा दहाच्या आसपास आला की त्यांची वाढ थबकते आणि मुळं पाणी कमी ओढतात. पानं पिवळी पडतात, मालकाला वाटतं तहान लागली, आणि झारी रिकामी होते.

बांबूची बारीक काडी मातीत खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढा. ओली, काळपट निघाली तर त्या दिवशी पाणी नाही. द्यायचं तर सकाळी नऊनंतर, टाकीतल्या गारढोण पाण्याचा गारठा थोडा कमी झाल्यावर. अडेनियमची पानं गळू लागली की त्याचं पाणी जवळजवळ तोडा. जेडलाही हात आखडताच ठेवा. जुनिपरला थंडी मानवते, त्याला उघड्या उन्हातच राहू द्या. खत, कुंडी बदलणं, जोरदार छाटणी हे सगळं पुढे ढकला.

खरी परीक्षा फेब्रुवारीत. पहाट अजून गार, दुपार ३२-३३ अंशांवर आणि हवा कोरडी. पानांच्या मागे लाल कोळी दिसू लागतात. तिथं संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करा. वाढ पुन्हा सुरू झाली की फांदीला गुंडाळलेली तांब्याची तार सालीत रुतते. दर आठवड्याला बोट फिरवून पाहा, रुतत असेल तर उलगडू नका, कापून काढा.

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, असं आपल्याकडे म्हणतात. कुंडी बदलायची आणि वडाच्या पारंब्या, फांद्या छाटायच्या त्या त्यानंतर. तोवर एक काम करा: सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान दाखवणारा साधा तापमापक कुंडीच्या उंचीवर टांगा आणि रोजचे दोन आकडे वहीत उतरवा. वर्तमानपत्रातला आकडा शिवाजीनगरचा असतो, तुमच्या गच्चीचा नव्हे. एका हिवाळ्याची ही वही कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कामाला येईल.