पहिले प्रवाळ टाकीत ठेवताना

खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे रुळले की प्रवाळांची ओढ लागते. प्रवाळ दिसते झाडासारखे, पण तो प्राणी आहे. पाण्याचा झोत नकोसा झाला तर मासा दगडाआड जातो. प्रवाळाला मात्र बसल्या जागी सोसावे लागते. म्हणून पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट जपायची, ती म्हणजे पाण्याचा स्थिरपणा.

आधी कायद्याचे पाहू. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात प्रवाळ पाहिल्यावर एखादा तुकडा उचलावासा वाटेल. उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच यादीत, खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे आणि समुद्रपंखे आहेत. नवशिक्याने चुनखडीचा सांगाडा न बांधणारे लेदर कोरल, मशरूम, झोअँथिड यांच्याकडे वळावे. तेही टाकीतच वाढवलेले, पावतीसह घ्यावेत. सांभाळायलाही हेच सोपे असतात.

लोणच्यासारखी टाकीही मुरावी लागते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. दगडांवर वाढणारे जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. ही साखळी बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्यानंतर काचेवर तपकिरी थर येतो, मग हिरवे शेवाळ येते. घाबरून सगळे घासून काढू नका. हे ओसरून दगडांवर गुलाबी-जांभळे ठिपके दिसू लागले की टाकी तयार होत आली असे समजा. दोन-तीन महिने थांबलेले केव्हाही बरे.

आता मोजमापे. क्षारता हजारी ३५ भाग, तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, नायट्रेट लिटरला ५ ते १० मिलिग्रॅम. नायट्रेट शून्यावर आणायचा हट्ट नको. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशावर साखर बनवून यजमानाला देते आणि त्यालाही थोडे खत लागतेच. उष्णता किंवा प्रकाश एकदम वाढला तर ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे पडते. आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी चालेल, तो रोज हलता कामा नये.

आकडा हलतो तो बहुधा बाष्पीभवनाने. पाणी उडते, मीठ मागे राहते आणि क्षारता चढते. काचेवर पातळीची खूण करा आणि रोज तेवढेच गोडे आरओ पाणी घाला, खारे नाही. उन्हाळ्यात पंखा लावल्यास पाणी आणखी उडते, त्याचा हिशेब ठेवा.

प्रवाळ आणल्यावर बंद पिशवी १५-२० मिनिटे टाकीत तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग ते बादलीत काढून अर्ध्या तासात टाकीतले पाणी थोडे थोडे मिसळा. प्रवाळांसाठी मिळणाऱ्या जंतुनाशक द्रावणात बाटलीवर लिहिलेला वेळ बुडवा आणि चपटे कृमी किंवा अंडी चिकटली आहेत का ते पाहा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांच्यातील काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत घातक विष असते, त्यामुळे असे दगड कधीही उकळू नयेत.

पहिली जागा तळाशी, मंद उजेडात द्या. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर न्या. झोत इतकाच असावा की प्रवाळ डुलेल, एका बाजूला वाकून राहणार नाही. शेजाऱ्यापासून बोटभर अंतर ठेवा, कारण काही जाती एकमेकींना डंख मारतात. जागा पक्की झाली की घट्ट सुपरग्लू जेलने चिकटवा.

मग खरी परीक्षा वाट पाहण्याची. लेदर कोरल कधी कधी आठवडाभर मिटून बसते, त्यावर मेणचट पापुद्रा येतो. मेले असे वाटून माणसे जागा बदलतात, औषधे घालतात. अशा वेळी पाण्याची मापे घ्या आणि ती ठीक असतील तर हात बाहेर ठेवा. पापुद्रा झोताबरोबर गळतो आणि त्याखालून शेकडो बारीक पाकळ्यांसारखे पॉलिप पुन्हा उघडतात.