पिल्लू निवडताना जातीआधी पाहावी त्याची आई

घरात कुत्र्याचे पिल्लू आणण्याचे ठरले की पहिला प्रश्न जातीचा निघतो, आणि अमुक जात मुलांशी प्रेमळ, तमुक जात राखणीला तिखट अशी ठाम विधाने घरातल्या चर्चेत फिरू लागतात. या ठामपणाला फारसा आधार नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांविषयी त्यांच्या मालकांकडून माहिती घेण्यात आली होती, आणि एका कुत्र्याचे वागणे दुसऱ्याहून वेगळे का, याचा जेमतेम ९ टक्के उलगडा जातीवरून होतो, असे तिच्यातून दिसून आले. उरलेला भाग आईबापांचा वैयक्तिक वारसा, पिल्लूपणातील अनुभव आणि संगोपन यांवर अवलंबून असतो, आणि खरेदीच्या वेळी नेमके याच गोष्टींकडे दुर्लक्ष होते.

जातीचा विचार सोडून द्यावा, असा याचा अर्थ नव्हे. स्वभावापेक्षा शरीराविषयी जात अधिक खात्रीने सांगते. कुत्रा माणसाप्रमाणे सर्वांगाने घाम गाळू शकत नाही, धापा टाकून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. पगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत श्वासमार्गच आखूड व अरुंद असल्याने ही सोय अपुरी पडते आणि विदर्भातील उन्हाळा अशा कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो. सायबेरियन हस्कीच्या अंगावरील दुहेरी केसांचे आवरण बर्फाळ प्रदेशासाठी घडलेले असताना तो केवळ देखणेपणासाठी आपल्या उष्ण शहरांत आणणे हा प्राण्यावर अन्यायच आहे. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष बराचसा आनुवंशिक असल्यामुळे आईबापांच्या खुब्यांची क्ष-किरण तपासणी झाली आहे का, हे विचारणे योग्य ठरते. दख्खनच्या माळरानावर सशामागे धावण्यासाठी जोपासलेला कारवान इथल्या हवेला उत्तम मानवतो; मात्र त्याला रोज मोकळे धावायला मिळणार नसेल, तर दोन खोल्यांच्या सदनिकेत त्याची कुचंबणा होते.

स्वभावाची घडण समजून घ्यायची, तर पिल्लाच्या पहिल्या काही आठवड्यांकडे वळावे लागते. पिल्लाचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, त्यापाठोपाठ त्याला ऐकू येऊ लागते, आणि तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत समाजीकरणाचा काळ चालतो. म्हणजे माणसे, इतर प्राणी, आवाज आणि वस्तू यांपैकी कशाला आपले मानावे आणि कशाला भ्यावे, याची पहिली जुळणी या काळात होते. अमेरिकेत १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लांना कुंपण घातलेल्या शेतात आईबरोबर, परंतु माणसाच्या सहवासाविना वाढवले गेले. त्यांपैकी चौदा आठवड्यांपर्यंत माणूस न भेटलेली पिल्ले पुढे माणसापासून जंगली जनावरासारखी दूर पळत राहिली. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बार हार्बर येथील प्रयोगशाळेत पाच जातींवर केलेल्या प्रदीर्घ अभ्यासाचा १९६५ साली ग्रंथ झाला, तोही या काळाचे महत्त्व अधोरेखित करतो.

याच काळात भावंडांशी खेळताना दात किती जोराने लावावा, हे पिल्लू शिकते, कारण जोराने चावले की समोरचे पिल्लू केकाटते आणि खेळ थांबतो. पाचव्या आठवड्यात आईपासून तोडलेल्या पिल्लाला ही शिकवण अपुरी मिळते. भारतात २०१७ च्या श्वानपैदास व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, ते यासाठी लक्षात ठेवावे.

म्हणून पिल्लू जिथे जन्मले, तिथे जाऊन सगळी वीण एकत्र पाहावी. आई अनोळखी माणसाला पाहून क्षणभर भुंकली तरी मालकाच्या शब्दावर शांत होते की कोपऱ्यात दबून गुरगुरत राहते, यावरून पिल्लांच्या वारशाविषयी पुष्कळ कळते. पिल्लांपासून थोड्या अंतरावर किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर पडू द्यावा. दचकणे स्वाभाविक आहे, परंतु दचकून सावरणारे आणि वास घ्यायला पुढे येणारे पिल्लू बहुतेक घरांना मानवते, तर बराच वेळ दडून राहणाऱ्या पिल्लाला अनुभवी आणि संथ घर लागते. अर्थात, एका भेटीतील अशा पाहणीवरून प्रौढपणीचा स्वभाव नेमका वर्तवता येत नाही, त्यामुळे शक्य असल्यास दुसऱ्यांदा, वेगळ्या वेळी जावे. डोळ्यांत चिपडे नसावीत, हिरड्या गुलाबी असाव्यात, शेपटीखालची जागा कोरडी असावी. अंगाने रोड पण पोट मात्र फुगलेले असेल, तर जंतांची शंका घ्यावी.

घराचाही तितकाच कठोर विचार व्हायला हवा. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दर दोन-तीन तासांनी लघवीला न्यावे लागते. दिवसभर कुलूपबंद राहणाऱ्या घराने पिल्लू न आणता शांत स्वभावाचा प्रौढ कुत्रा दत्तक घ्यावा, आणि वृद्ध जोडप्यालाही हेच अधिक सोयीचे पडते. पार्व्हो व डिस्टेंपर या घातक विषाणुजन्य रोगांविरुद्धच्या लसींची मालिका सुमारे सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते, परंतु समाजीकरणाचा काळ तोवर संपलेला असतो. म्हणून मधल्या काळात पिल्लाला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन रहदारी, मुले आणि पाऊस यांची ओळख करून द्यावी.

गावठी पिल्लालाही हे सारे लागू आहे, आणि इथल्या हवेला सरावलेल्या व निवाऱ्याची खरी गरज असलेल्या या पिल्लांचा विचार प्रत्येक घराने आधी करावा. विकतच घ्यायचे असेल, तर ‘आई गावाकडे आहे’ असे सांगून तिला दाखवण्याचे टाळणाऱ्या विक्रेत्याकडून, पिल्लू कितीही गोंडस असले तरी, ते घेऊ नये.