कौन्सिलच्या घरांचा हिशेब : कोणाचा खर्च कोणाच्या माथी?

दुकानाचा गल्ला आणि घरखर्च एकत्र करू नये, हे व्यापाऱ्याच्या मुलाला लहानपणीच शिकवले जाते. दोन्ही एकत्र झाले की नफा कुठे गेला आणि तोटा कशात आला, याचा पत्ता लागत नाही. इंग्लंडमधील कौन्सिल, म्हणजे तेथील नगरपालिका, स्वतःच्या मालकीची घरे माफक भाड्याने देते, तेव्हा तिलाही हाच नियम कायद्याने पाळावा लागतो. कोकणातील अनेक मुस्लीम कुटुंबे ब्रिटनमध्ये स्थायिक झाली आहेत. त्यांच्यापैकी जे कौन्सिलच्या इमारतीत राहतात, त्यांना ही माहिती उपयोगी पडेल.

गल्ला वेगळा

१९८९ च्या कायद्यानुसार एप्रिल १९९० पासून घरांचा जमाखर्च एका स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो. भाड्याची रक्कम याच खात्यात जमा होते. दुरुस्ती, देखभाल, कर्मचारी आणि घरांसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज याच खात्यातून जाते. शहरातील रस्ते किंवा वाचनालये यांसाठी गोळा केलेला कर या खात्यात ओतता येत नाही, आणि भाडेकरूंचे पैसे रस्त्यांवर खर्च करता येत नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला या खात्याचे तुटीचे अंदाजपत्रक मांडण्यासही मनाई आहे.

भाडे कसे ठरते?

भाडे कौन्सिलच्या मर्जीवर नाही. घराची किंमत, त्या भागातील कमाई आणि खोल्यांची संख्या यांवरून सरकारी सूत्राने ते ठरते. वार्षिक वाढीलाही मर्यादा असते. २०२० पासून महागाईचा दर अधिक एक टक्का, असा नियम लागू झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये महागाई १०.१ टक्क्यांवर गेली. नियमाने भाडे ११.१ टक्के वाढले असते. सरकारने २०२३-२४ साठी ती वाढ ७ टक्क्यांवर रोखली. भाडेकरूला दिलासा मिळाला, पण खात्यातील जमा घटली आणि दुरुस्तीचा खर्च मात्र वाढतच राहिला.

सर्व्हिस चार्ज

१९८० च्या कायद्याने भाडेकरूंना आपले घर विकत घेण्याचा हक्क मिळाला. इमारतीतील सदनिका घेणारा माणूस दीर्घ मुदतीचा पट्टेदार होतो. जिना, छप्पर, लिफ्ट, बाहेरची रंगरंगोटी यांच्या खर्चातील आपला वाटा त्याला द्यावा लागतो. १९८५ च्या कायद्याप्रमाणे हा खर्च वाजवी असला पाहिजे आणि काम योग्य दर्जाचे असले पाहिजे.

एका पट्टेदाराच्या वाट्याला २५० पौंडांपेक्षा जास्त खर्च येणार असेल, तर कौन्सिलला आधी नोटीस देऊन मत विचारावे लागते. साधारण कामासाठी दोन वेळा, प्रत्येकी ३० दिवसांची मुदत असते. किमान दोन दरपत्रके दाखवावी लागतात. मोठ्या सार्वजनिक निविदांची कामे सोडली, तर पट्टेदार आपल्या माहितीच्या ठेकेदाराचे नावही सुचवू शकतो.

आकड्यांत पाहू

उदाहरणासाठी २४ घरांची इमारत घेऊ. १८ घरांत भाडेकरू आहेत आणि ६ पट्टेदार. छपराचा खर्च ९६,००० पौंड. समान वाटणीने प्रत्येक घरामागे ४,००० पौंड होतात. पट्टेदारांकडून २४,००० येतील आणि उरलेले ७२,००० घरांच्या खात्यातून जातील.

आता समजा, कौन्सिलने नोटीस दिलीच नाही. न्यायाधिकरणाने सूट दिली नाही, तर प्रत्येक पट्टेदाराकडून फक्त २५० पौंड, म्हणजे एकूण १,५०० पौंड वसूल होतील. उरलेले २२,५०० त्याच खात्यातून, म्हणजे बहुतांशी भाडेकरूंच्या पैशातून जातील. एका टेबलावरील चुकीचा भुर्दंड असा दुसऱ्यांवर पडतो. म्हणूनच पट्टेदाराकडून जादा घेणे जसे अन्यायाचे, तसेच त्याचा रास्त वाटा वसूल न करणेही अन्यायाचे आहे.

बिल आले तर

प्रथम भाडेपट्टा काढून आपला वाटा कसा मोजायचा ते पाहावे, कारण वाटणी त्यातील अटीप्रमाणेच होते. खर्चाचा गोषवारा लेखी मागावा. खर्च होऊन १८ महिने उलटले, आणि त्या मुदतीत बिल किंवा खर्चाची लेखी सूचना आली नाही, तर ती रक्कम मागता येत नाही. घर नुकतेच विकत घेतले असेल, तर खरेदीच्या वेळच्या नोटिशीतील अंदाज तपासावा. पहिली सुमारे पाच वर्षे, महागाईची वाढ सोडून, त्या अंदाजापेक्षा जास्त दुरुस्ती खर्च लावता येत नाही.

रक्कम मान्य नसेल तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. पण बिल बाजूला टाकून गप्प बसू नये. थकबाकी वाढली तर घरावर गदा येऊ शकते. हरकत लेखी नोंदवावी, मोठी रक्कम असल्यास हप्ते मागावेत आणि प्रत्येक पावती जपून ठेवावी.