थाळीतला मासा केवढा असावा?

अंबडच्या कारखान्यांमुळे इथे खानावळी चालतात, मासळीच्या थाळीलाही गिऱ्हाईक असतं. अशी थाळी करणाऱ्या गटांशी आज आम्ही बोलतोय.

पापलेट कमी होत चाललंय. 2023 मध्ये ते महाराष्ट्राचा राज्यमासा झालं. त्याच वर्षी सरकारने 54 जातींच्या माशांचा किमान आकार ठरवला. त्याहून लहान मासा पकडायला बंदी आहे. का? अंडी घालण्याआधीच मासा कढईत गेला, तर पुढचे मासे येणार कुठून? बियाण्याचं धान्य दळून खाल्लं, तर पेरायचं काय?

म्हणून तळहातात मावणारी पापलेटं स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. मांदेली मुळातच लहान असते, ती चालते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा तळ्यातले रोहू, कटला घ्या.

भातावर मासा ठेवलेली जपानी सुशी असो की आपली मासळी-भाकरी, समुद्रात मासा उरला तरच ती ताटात येईल. गिऱ्हाइकाने "लहान पापलेट का नाही?" विचारलं, तर हेच सांगा.