रानशर्यतींतील प्रतिपक्ष

कारखानदारांच्या चढाओढीचा विषय घरांत निघाला म्हणजे त्याची समाप्ति बहुधा दोन ठराविक वाक्यांत होते. वडील मंडळी म्हणतात, चढाओढ हें लोभाचेंच सुधारलेलें नांव आहे. तरुण मंडळी म्हणतात, चढाओढ आहे म्हणूनच माल सुधारतो. दोन्ही पक्षांना आपापले दाखले तोंडपाठ असल्यामुळें वाद पुढें सरकत नाहीं. प्रस्तुत लेखांत याच वादाकडे एका अपरिचित बाजूनें पाहावयाचें योजिलें आहे. अमेरिकेंत चार चाकांच्या लहान यांत्रिक वाहनांच्या ज्या रानशर्यती होतात, त्यांतील कारखानदारांच्या झुंजीची ती बाजू होय. विषय परका खरा; पण ही झुंज सुमारें चाळीस वर्षांच्या अवधींत सुरू झाली, भरास आली आणि जवळजवळ शमलीही. तेव्हां तिचा आदि, मध्य व अंत हीं तिन्ही एकाच दृष्टिक्षेपांत मावतात. असा योग व्यवहारांत क्वचितच येतो.

प्रथम वाहनाची ओळख करून घेऊं. यास 'क्वाड बाइक' किंवा 'एटीव्ही' असें म्हणतात. मोटारसायकलीप्रमाणें टांग टाकून बसावयाचें, दोन्ही हातांनीं हँडल धरावयाचें. मात्र खालीं दोहोंऐवजीं चार फुगीर, कमी हवेचीं चाकें. अलिबाग-नागांवच्या पुळणीवर सुटींतल्या पाहुण्यांना भाड्यानें फिरविणारीं जीं वाहनें वाचकांनीं पाहिलीं असतील, तीं याच जातीचीं. शर्यतीचें वाहन त्याहून पुष्कळ हलकें, रुंद व वेगवान असतें, इतकाच भेद.

शर्यतीचें मूळ वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ संस्थानांत आहे. तेथील डेव्हिस गांवीं डेव्ह कूम्ब्स नांवाच्या गृहस्थानें १९७५ सालीं रानांतून, ओढ्यांतून व चिखलांतून जाणारी 'ब्लॅकवॉटर १००' नांवाची मोटारसायकलींची शर्यत भरविली. १९७९ पासून तशा शर्यतींची मालिकाच सुरू झाली आणि पुढें तिला 'ग्रँड नॅशनल क्रॉस कंट्री' हें नांव पडलें. चार चाकांच्या वाहनांची शर्यत साधारण दोन तास चालते. आठ-दहा मैलांचें एक वेटोळें. तें पुनःपुन्हां पुरें करावयाचें. आरंभाचा इशारा होईपर्यंत एंजिन बंद ठेवून स्वार ओळींनीं उभे राहतात. मग दोन झाडांमधील अरुंद वाट, ओले खडक, निसरडी चढण. एका हंगामांत अशा दहा-बारा शर्यती निरनिराळ्या संस्थानांत होतात आणि त्यांच्या गुणांची बेरीज होऊन वर्षाचा विजेता ठरतो.

यांत कारखानदाराचा संबंध कोठें येतो? रानांतल्या शर्यतीला जमणारा प्रेक्षक बहुधा स्वतः तसलेंच वाहन चालविणारा असतो. रविवारीं कोणाचें यंत्र पुढें आलें हें तो पाहतो, आणि दुकानांत गेल्यावर तेंच मागतो. म्हणून कारखाना निवडक स्वारांना वाहन, कारागीर व वेतन देतो. शिवाय जो स्वतःच्या पैशानें वाहन घेऊन उतरतो, त्यानें कारखान्याच्या वाहनावर वरचा क्रमांक मिळविला तर त्यालाही ठरलेलें बक्षीस पोंचतें. सारांश, येथें यश स्वाराचें आणि कीर्ति यंत्राची.

आतां आमच्या न्यायशास्त्राकडे क्षणभर वळतों, कारण पुढील इतिहास समजण्यास त्यांतला एक भेद फार उपयोगी पडेल. नैयायिकांनीं चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावें म्हणून होतो तो वाद. केवळ जिंकावें म्हणून होतो तो जल्प. आणि स्वतःचें कांहींच न मांडतां दुसऱ्याचें खोडणें ती वितंडा. बाहेरून पाहणाराला वाद आणि जल्प सारखेच दिसतात, कारण आवेश दोहोंतही असतो. कारखानदारांच्या झुंजीचेंही तसेंच आहे.

पहिलें पर्व जल्पाचें. १९७० सालीं होंडानें अमेरिकेंत तीन चाकांचें वाहन विकावयास आणलें. हिंवाळ्यांत मोटारसायकली खपत नसत, म्हणून विक्रेत्यांना त्या दिवसांत विकण्याजोगें कांहीं तरी हवें होतें. वाहन गमतीचें होतें, लोकांना आवडलें. पुढें १९८१ सालीं होंडानें शर्यतीजोगें जोरकस असें 'एटीसी २५० आर' काढलें. कावासाकीनें १९८४ मध्यें 'टेकाटे' उतरविलें. १९८५ मध्यें यामाहाचें 'ट्राय-झेड' आलें. प्रत्येक जण दुसऱ्याहून अधिक वेगाची भाषा बोलत होता. पण तीन चाकांची बैठकच मुळांत डळमळीत आहे कीं काय, हा प्रश्न या चढाओढींत कोणी काढला नाहीं. पुढें एकच चाक असल्यामुळें वळणावर वाहन उलथे. तोल सांवरण्यासाठीं स्वारानें पाय टेकला तर मागचें चाक त्याच्याच पायावर चढे. जखमी होणारांत व मरणारांत मुलेंही होतीं. शेवटीं सरकारला मध्यें पडावें लागलें. १९८८ सालीं न्यायालयापुढें करार झाला आणि कारखानदारांनीं नवीं तीन चाकी वाहनें विकणें बंद केलें. सोळा वर्षांखालील मुलांसाठीं मोठीं वाहनें विकावयाचीं नाहींत व शिक्षणाची सोय करावयाची, हेंही त्यांना मान्य करावें लागलें.

खरें उत्तर तत्पूर्वींच बाजारांत आलें होतें. १९८२-८३ च्या सुमारास सुझुकीनें चार चाकांचें लहान वाहन आणलें आणि १९८५ सालीं त्याच पद्धतीचें शर्यतीचें यंत्र काढलें. होंडानें १९८६ मध्यें 'टीआरएक्स २५० आर' काढून त्याला तोडीस तोड दिली. हा खरा पूर्वपक्ष-उत्तरपक्ष होता. पण तो रंगूं लागतो न लागतो तोंच दावे व लोकापवाद यांच्या धास्तीनें कारखाने मागें सरले. चार चाकांवर बंदी नव्हती, तरी होंडानें १९८९ नंतर तें वाहन थांबविलें. सुझुकीचेंही १९९२ नंतर थांबलें.

यानंतरचीं वर्षें मोठीं चमत्कारिक गेलीं. कारखाने नाहींसे झाले, पण शर्यती चालूच राहिल्या. स्वार तेंच बंद पडलेलें होंडा वर्षानुवर्षें जपत. लहान लहान कारागीर त्याला नवे सांगाडे, नवे धक्काशोषक, नवे आंस घडवून देत. होतां होतां जुन्या यंत्रांतला मूळचा भाग नांवापुरताच उरे. बॅरी हॉक या स्वारानें १९९३ पासून १९९९ पर्यंत ओळीनें सात वर्षें अजिंक्यपद राखलें तें याच काळांत. हाच हॉक पुढें २००३ सालीं मोटारसायकलींच्या गटांतही अजिंक्य ठरला. कारखान्याच्या आश्रयावांचूनही कौशल्य जगतें, हें या पर्वानें दाखविलें. मात्र नवशिक्या, बेताच्या ऐपतीच्या मुलाला दुकानांतून वाहन घेऊन थेट शर्यतीस जाण्याची वाट बंद होती. ज्याच्यापाशीं पैसा किंवा कुशल कारागीर, त्याचीच शर्यत.

तिसरें पर्व वादाचें. तेंच सर्वांत वाचनीय. २००२ सालीं अमेरिकन सरकारनें धुराचे नियम केले आणि ते २००६ च्या वाहनांपासून लागू होऊं लागले. जुनें द्विघात एंजिन तेलाचा धूर सोडी. त्याला त्यांत निभाव धरणें कठीण झालें, व सर्वांनाच चतुर्घात एंजिनाकडे वळावें लागलें. आरंभ गमतीचा झाला. सुझुकी व कावासाकी यांनीं आपसांत करार करून २००३ च्या हंगामासाठीं एकच वाहन दोन रंगांत व दोन नांवांनीं विकलें. वादी आणि प्रतिवादी एकच! अशा खंडनमंडनांतून सिद्धान्त निघत नसतो. पण लौकरच यामाहानें 'वायएफझेड ४५०' काढलें, होंडानें 'टीआरएक्स ४५० आर' काढलें आणि रंग भरला. २००६ सालीं सुझुकीनें कार्ब्युरेटर काढून टाकून इंधनाचा नियंत्रित फवारा सोडणारी रचना आणली. कावासाकीनें ॲल्युमिनियमचा सांगाडा दिला. कॅनडाच्या कॅन-ॲमनेंही तोच मार्ग धरला. २००८ च्या सुमारास पोलॅरिस व ऑस्ट्रियाची केटीएम याही उतरल्या. या केटीएमचें नांव आपल्या घरांतील तरुणांना सांगावयास नको; आकुर्डीच्या बजाज ऑटोनें २००७ सालीं तींत भांडवल घातलें होतें. एका ठराविक मापाच्या वाहनासाठीं सात कारखाने एकाच वेळीं झुंजत होते.

या झुंजीला वाद कां म्हणावयाचें? कारण प्रत्येकानें दुसऱ्याच्या यंत्रांतली उणीव दाखविली आणि दुसऱ्यानें ती मान्य करून दुरुस्त केली. सुझुकीचें वाहन मोकळ्या मैदानावरील उड्यांच्या शर्यतीसाठीं सुमारें पन्नास इंच रुंद केलेलें होतें. तें रानांतल्या दोन झाडांत अडके. यामाहानें २००९ मध्यें फवाऱ्याची रचना स्वीकारून नवें 'वायएफझेड ४५० आर' काढलें, आणि पाठोपाठ सुमारें सेहेचाळीस इंच रुंदीचें निराळें वाहन खास रानासाठीं दिलें. चार इंचांची ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण जो तीस मैल वेगानें दोन ओक वृक्षांमधून जातो त्याला ती क्षुल्लक वाटत नाहीं. रानशर्यतींतही तशीच झुंज चालली होती. बिल बॅलन्सनें २००० पासून २००८ पर्यंत सलग नऊ वेळां अजिंक्यपद मिळविलें. त्याची ती परंपरा २००९ सालीं सुझुकीवर बसलेल्या ख्रिस बोरिचनें तोडली.

आणि नेमक्या याच ऐन भरांत दिवा मंदावला. २००८ ची आर्थिक मंदी आली, चैनीच्या वस्तूंचा खप बसला. त्यांतून ग्राहक शेजारीं शेजारीं दोघांनीं बसावयाच्या, सुकाणूचें चाक असलेल्या रानगाड्यांकडे वळला, व कारखान्यांनीं आपली बुद्धि व पैसा तिकडे नेला. केटीएम गेली, पोलॅरिसनें या मापाचें वाहन सोडलें, सुझुकी थांबली. २०१४ च्या सुमारास होंडा व कावासाकी यांनींही हात आंखडला. जपानच्या चार मोठ्या कारखान्यांपैकीं या मापाचें शर्यतीचें नवें वाहन विकणारा एकटा यामाहा उरला. २०१५ पासून वॉकर फाउलर या स्वारानें अनेक वर्षें अजिंक्यपद मिळविलें तें यामाहावरच. स्वारांची झुंज आजही तितकीच तीव्र आहे. पण एका यंत्रानें दुसऱ्याला विचारावयाचा प्रश्न मात्र आतां जवळजवळ कोणी विचारीत नाहीं. उरलेलें वाहन उत्तम आहे यांत शंका नाहीं. तथापि त्याची मुख्य घडण २००९ च्या त्या धुमाळींत ठरलेली आहे, आणि तेव्हांपासून बदल झाले ते बारीकसारीकच.

शाळेंत आयुष्य घालविल्यामुळें या प्रकाराचें मला नवल वाटत नाहीं. वर्गांतला पहिला मुलगा वडिलांच्या बदलीमुळें परगांवीं गेला, कीं दुसऱ्या वर्षीं दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा पहिला येतो. पण त्याचे गुण वाढलेले नसतात, पुष्कळदां ते घटलेलेच असतात. आमचे शास्त्रकार आपला सिद्धान्त मांडण्यापूर्वीं प्रतिपक्ष्याचें म्हणणें इतक्या आस्थेनें कां मांडीत, हें अशा वेळीं ध्यानांत येतें. तो केवळ शिष्टाचार नव्हता. त्यावांचून स्वतःचा पक्ष तपासलाच जात नाहीं.

तेव्हां घरांतल्या वादाचा निकाल काय? वडील मंडळी म्हणतात तें तीन चाकांच्या काळापुरतें अक्षरशः खरें आहे. तेथें चढाओढ होती, पण विवेक नव्हता, आणि किंमत मुलांनीं दिली. तरुण मंडळी म्हणतात तें २००३ ते २००९ या वर्षांपुरतें तितकेंच खरें आहे. मात्र आणखी एक गोष्ट दोघांनींही ध्यानांत ठेवावी. ज्या चढाओढीच्या मुळाशीं केवळ खप असतो, ती खप सरतांच निघून जाते, आणि तिच्या भरंवशावर राहिलेल्या स्वाराला वाऱ्यावर सोडते. पुढील खेपेस मुलगा एखाद्या वाहनाचें वा यंत्राचें जाहिरातपत्रक घेऊन येईल, तेव्हां 'हें सर्वांत वेगवान आहे काय' असें विचारण्यापेक्षां, 'याची खोड कोणी काढली, आणि ती काढल्यावर कारखान्यानें काय केलें' असें त्याला विचारून पाहावें. त्याच्यापाशीं उत्तर असेल तर त्यानें बाजार नीट पाहिला आहे असें समजावें. नसेल तर दोघांनीं मिळून तें शोधावें. त्या शोधांत घरांतला तो जुना वादही थोडा पुढें सरकेल.