कसम परेडचं भाडं

नागपूर स्टेशनच्या संत्रा मार्केटकडच्या बाजूला भल्या पहाटे एखादं कुटुंब रस्ता विचारताना दिसतं. बापाच्या डोक्याला रंगीत फेटा, आईच्या मांडीवर दोरीनं बांधलेला मिठाईचा डबा आणि प्रश्न एकच, ‘कामठी किधर?’ कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. १९४९ मध्ये उभी राहिलेली ही रेजिमेंट कुण्या एका जातीची वा प्रांताची नाही, तिची भरती साऱ्या देशातून होते. त्यामुळे तिथल्या कसम परेडच्या आदल्या दिवशी राजस्थान, पंजाब, बंगाल असा थोडाथोडा देश कामठी रोडवर उतरतो.

इकडे काटोल, उमरेड, रामटेकची माणसं उलट दिशेनं निघालेली असतात. त्यांचा पोरगा नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात असतो, बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीत असतो, नाहीतर सागरला महार रेजिमेंटच्या केंद्रात. महार रेजिमेंटची पहिली पलटण १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिली आणि दुसरी आपल्या कामठीत. आज त्याच रेजिमेंटमधल्या पोराची परेड बघायची तर मध्य प्रदेशात जावं लागतं.

कसम परेड म्हणजे प्रशिक्षण संपवून रिक्रूट शिपाई होतो तो दिवस. राष्ट्रध्वजासमोर, धर्मगुरूंच्या साक्षीनं शपथ होते, बँड वाजतो आणि तास-दोन तासांत सगळं आटोपतं. अग्निवीराचं लष्करी प्रशिक्षण ३१ आठवड्यांचं. एवढ्या दिवसांनी घरच्यांना तो दिसतो तो असा, ताठ, केस बारीक कापलेला, शंभरजणांत कुठला आपला हेही चटकन न कळणारा. हे बघायला बोलावणं येतं, तिकीट मात्र येत नाही. प्रवास ज्याचा त्यानं करायचा.

आता हिशेब मांडू. परेड सकाळची, पाहुण्यांना त्याआधी जागेवर बसवतात. म्हणजे आदल्या दिवशी पोचणं आणि एक रात्र मुक्काम हे टळत नाही. चिल्का इथं नौदलाच्या अग्निवीरांची पहिली परेड २८ मार्च २०२३ रोजी झाली ती तर सूर्यास्तानंतर. तिथंही मुक्काम ठरलेलाच. उदाहरण म्हणून पुणे घेऊ. नागपूरहून स्लीपरचं भाडं माणशी पाचशेच्या आसपास, थर्ड एसीचं त्याच्या अडीचपट. आईबाप, बहीण आणि आजोबा असे चौघं येऊन-जाऊन स्लीपरनं चार हजारांत, थर्ड एसीनं दहा हजारांत. पहिल्या वर्षी अग्निवीराचा पगार महिना ३० हजार, त्यातले ९ हजार निधीत कापून हाती २१ हजार. म्हणजे थर्ड एसीचं नुसतं भाडंच त्याचा अर्धा पगार खातं. लॉज, रिक्षा, जेवण, नवे कपडे आणि हल्दीरामची संत्रा बर्फी अजून मोजलेली नाही. (बर्फी न्यावीच लागते. बराकीतले त्याचे सोबती वाट पाहत असतात.)

खर्च फुगतो तो भाड्यानं कमी, घाईनं जास्त. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. परेडची तारीख तोंडी कळते तेव्हा घरात हौस असते, पैसे नसतात. पैसे येतात तेव्हा गाडी भरलेली असते. मग तत्काळ, नाहीतर सातजणांनी मिळून केलेली भाड्याची गाडी. खडकवासल्याच्या एनडीएची एक परेड मेअखेर असते, ऐन सुट्टीत आणि लग्नसराईत. ३० मे २०२५ रोजी तिथून मुलींची पहिली तुकडी, सतराजणींची, बाहेर पडली. तेव्हाही पुण्याच्या गाड्यांना गर्दी असणारच. तारीख पक्की नसली तरी साठाव्या दिवशी स्लीपरची दोन तिकिटं काढून ठेवावीत. वेळेत रद्द केली तर थोडेच पैसे जातात. विमानाचं स्वस्त तिकीट मात्र लेखी पत्र येईपर्यंत काढू नये. पाय मुरगळला किंवा एखादी चाचणी हुकली की रिक्रूट मागच्या तुकडीत जातो, त्याची परेडही पुढे जाते आणि विमानाचे पैसे बुडतात.

नाशिक रोड आपल्याला सगळ्यात सोपं, विदर्भ आणि सेवाग्राम दोन्ही गाड्या तिथं थांबतात. बेळगावसाठी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं मिरज गाठायचं आणि तिथून पुढची गाडी धरायची. सागरला सिवनी, लखनादौन, नरसिंहपूर करत ४४ क्रमांकाचा महामार्ग नेतो. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट आहे, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. गाव ते नागपूर एवढ्यासाठी ते उत्तम. नागपूर ते पुणे रात्रभर बसून जाण्याचा मोह मात्र आजोबांच्या कंबरेकडे बघून आवरावा. मुक्कामासाठी आधी पोरालाच विचारावं, काही केंद्रं सोय करतात. नाहीतर त्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात फोन करून सैनिकी विश्रामगृहाची चौकशी करावी.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट खटकतेच. अधिकारी व्हायला एसएसबीच्या मुलाखतीला पहिल्यांदा जाणाऱ्या उमेदवाराला सरकार थर्ड एसीचं जाण्यायेण्याचं भाडं देतं. तो निवडला जाईल की नाही हे ठाऊक नसतानाही देतं. मग तो खरोखर फौजी होतो त्या दिवशी त्याच्या आईला का नाही? ती काही तिथं नुसती प्रेक्षक नसते. अनेक केंद्रांत परेडनंतर आईवडिलांना गौरव पदक लावतात. डेहराडूनच्या लष्करी अकादमीत नव्या अधिकाऱ्याच्या खांद्यावरचे तारे आईबापांच्याच हातून लागतात. जून २०२० मध्ये करोनामुळे पालकांना येता आलं नाही, तेव्हा ते तारे प्रशिक्षकांना लावावे लागले. ज्यांच्यावाचून सोहळा अडतो, त्यांच्या दोन तिकिटांचा वॉरंट निघायला काय हरकत आहे? दर रिक्रूटमागे दोन स्लीपर बर्थ, एवढीच ही मागणी. खासदारांनी ती संसदेत मांडावी.

तोवर माझं मत असं, की दोघांनीच जावं, पण जावंच. परेडनंतर बहुधा सुट्टी मिळते, पोरगा घरी येतोच. बाकीच्या गोतावळ्यानं त्याला नागपूर स्टेशनवर हार घालावा.

आणि आपण नागपूरकरांनी एवढं करावं. स्टेशनवर कुणी कामठी विचारलं तर त्याला दीडपट पैसे मागणाऱ्या ऑटोच्या हवाली करू नये. मेट्रोत बसवून द्यावं. सीताबर्डीला गाडी बदलायची, ऑटोमोटिव्ह चौकात उतरायचं, पुढे शेअर ऑटो मिळतो.